जित्याचं जेवण

४ जून

नीस्तोर,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नाही. सात वर्षांत तू एक ओळ लिहिली नाहीस, मीही नाही, मग आज एकदम प्रिय कुठून होणार? फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, आणि नाही ठेवलास तर मी ओरडतो. पत्र आदळता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय तुला लहानपणापासून अन्न गोड लागत नाही.

कामाचं आधी. मला तुझी मापं हवीत. गळा, छाती, कंबर, बाही आणि बुटाचा नंबर. लिलियानाला टेप घेऊन मोजायला सांग. तू स्वतः मोजू नकोस, पोट आत ओढशील.

कशाला हवीत ते सांगतो. मी मरतोय. दचकू नकोस, आज नाही.

ईस्टर झाला आणि मला खाज सुटली. साधीसुधी नव्हे, पाठ दाराच्या चौकटीला डुकरासारखी घासायचो. तुझी वेतावहिनी म्हणाली, कुत्र्याच्या पिसवा. तिने बिचाऱ्या कुत्र्याला रॉकेलने पुसलं, तो अजून माझ्याकडे रागाने बघतो. मग लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली. एका रविवारी चर्चमध्ये ऑरेलबाबांनी हातातला क्रूस माझ्या ओठांपुढे धरला आणि तसेच थांबले. म्हणाले, "ग्लिगोर, अरे तू भिंतीवरच्या संतांपेक्षा पिवळा दिसतोस. डॉक्टरकडे जा." पाद्रीबाबाच जेव्हा डॉक्टरकडे पाठवतो तेव्हा समजायचं, पाणी नाकापर्यंत आलंय.

क्रायोवाच्या मोठ्या दवाखान्यात मिरेला नावाची डॉक्टरीणबाई आहे. हाताच्या मनगटाएवढी बाई, पण आवाज हवालदाराचा. वेताला वाटत होतं की मला सांगू नये, बाहेर बोलावून तिला एकटीला सांगावं, जसं आपल्याकडे करतात. मी म्हटलं, आजार माझा, आधी मी ऐकणार. तर स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे. शेजारूनच पित्ताची नळी जाते, ती गाठीने दाबली गेलीय. पित्त खाली उतरत नाही, रक्तात चढतं, म्हणून कावीळ आणि म्हणून ती खाज. यकृतावरही डाग आहेत, तेव्हा कापाकापी करून उपयोग नाही.

मी तीस वर्षं गावाची दारूची भट्टी सांभाळली, मला नळ्या शिकवतेस? मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, आलुबुखाराचा चोथा नळीत अडकला की मी वरून उकळतं पाणी सोडतो. तुम्ही मला सकाळ-संध्याकाळ एकेक पेला कडक त्सुईका लिहून द्या, सगळं साफ होतं की नाही बघा."

"आजोबा, तुमच्या नळीत चोथा नाही अडकलेला. तिच्यावर बाहेरून कुणीतरी पाय देऊन उभं आहे."

"मग त्याला हाकला!"

"तो हलणार नाही. मी नळीच्या आत तारेच्या जाळीची दुसरी नळी सोडते. ती आत जाऊन उघडते आणि वाट मोकळी धरून ठेवते. पाय देणारा तिथेच उभा राहणार."

"म्हणजे बरा होणार नाही?"

"नाही. खाज जाईल, पिवळेपणा जाईल, जेवण लागेल. किती दिवस, ते मला सांगता येत नाही."

बरं वाटलं, खरं सांगतो. त्या इमारतीत माझ्याशी सरळ बोलणारी ती एकटीच होती. गळ्यातून दुर्बीण घालून तिने जाळी बसवली, मी झोपेच्या इंजेक्शनात होतो. आठवड्यात खाज गेली. गेली त्या सकाळी मी अंगणात बसून रडलो. खाज गेली म्हणून रडणारा माणूस पाहिलायस कधी?

तर आता मला मेल्यावर घालतात ती पोमाना जिवंतपणीच घालायचीय, माझी मीच, आपल्या आजोबांनी घातली होती तशी. माझ्या नावाचं जेवण माझ्या डोळ्यांदेखत लोकांनी जेवायचं, भांडी, टेबल, खुर्ची, नवे कपडे मी माझ्या हाताने द्यायचे. इथे दिलेलं तिथे मिळतं. मेल्यावर बायकोने काय दिलं, कोणी ढापलं, कोण बघायला जातो? आणि कपडे नुसते देऊन भागत नाही. घेणाऱ्याने ते अंगावर चढवून माझ्या टेबलाशी बसून जेवायला हवं, हे तुला सांगायला नको.

अडचण इथेच आहे. मी वाळलोय. माझ्या आत्ताच्या मापाने कोट शिवला तर तिकडे कायम काटकुळा फिरेन. मला माझं जुनं अंग हवंय, आणि माझं जुनं अंग सध्या इटलीत, तोरिनोला फरशा बसवतंय. आपण दोघं एकाच साच्यातले, आई नेहमी म्हणायची. म्हणून मापं.

तू यायलाच हवं असं नाही. गिरणीवाला लाझार साधारण तुझ्या बांध्याचा आहे, तो घालेल. आईच्या पोमानेला तू हॉटेलातून प्लास्टिकच्या डब्यांत जेवण आणून वाटलंस, ते मी विसरलेलो नाही. उरलेले डबे मी कुंपणापलीकडे भिरकावले ते बरोबरच केलं. पण अर्धे तू आधीच वाटले होतेस. सात वर्षं आई तिकडे प्लास्टिकमधून जेवतेय, हे मनात आलं की अजून माझं डोकं फिरतं.

मापं लवकर पाठव.

ग्लिगोर


२८ जून

नीस्तोर,

कागद मिळाला. गळा बेचाळीस, छाती एकशे आठ, कंबर एकशे सहा, बूट त्रेचाळीस. बस. खाली ना सही ना खुशाली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते तुलाच बघून म्हटलं असेल.

पण कंबर एकशे सहा! इटलीत नुसत्या शेवयाच खातोस की काय? वेता म्हणते ते लिलियानाचं अक्षर आहे आणि लिलियाना खोटं लिहिणार नाही. वेताने कागद शिवणयंत्राच्या वर भिंतीला टाचणीने लावलाय. शिवण दुसरीकडे टाकलीय, तरी तो तिथेच आहे. मी येता-जाता बघतो.

कापड गडद निळं घेतलं. शिंपी काळंच पुढे करत होता. मी म्हटलं, काळं माझ्या बायकोला दे, मला तिकडे कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखं दिसायचंय. टोपी घेतली, दोन सदरे घेतले. टेबल सुतार करतोय, आपल्याकडचं जुन्या पद्धतीचं, बुटकं, गोल, तीन पायांचं. अक्रोडाचं लाकूड आहे, तेवढी चैन मी करणारच.

तब्येत बरी आहे. जेवण जरा वर येतं, एवढंच. वेता लिलियानाला फोनवर काहीबाही सांगत असते, त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्या दोघी सात वर्षं आपल्या पाठीमागे बोलतायत, हे मला आत्ता कळलं. घरात साप पाळल्यासारखं झालं.

बरं, आता लिहायलाच बसलोय तर लिहितो. जरा नाही, सगळंच वर येतं. काल दुपारी खाल्लेली मक्याची मामालिगा आज सकाळी तशीच्या तशी बाहेर पडली. जशी गेली होती तशीच, नुसती आंबलेली. वेताला कळू नये म्हणून मी गोठ्यामागे जातो. तिला कळलंय. तिने तिथे बादली आणि पुसायला टॉवेल ठेवलाय, आणि आम्ही दोघंही त्या बादलीबद्दल बोलत नाही.

मरणाची मला भीती नाही, तसं कुणी विचारलं तर मी सांगतोही. भीती एकाच गोष्टीची आहे. माझ्या नावाने ऐंशी माणसं जेवतायत आणि मी टेबलाशी ओठ कोरडे करून बसलोय, गोठ्यामागे जायची वाट बघत. तसं नको. मला माझ्या टेबलाशी बसून, माझ्या तोंडाने, माझ्या पोमानेचं जेवायचंय. दोन घास का होईनात. तेवढं झालं की मग देवाला काय करायचं ते करू दे.

वेताने शनिवार बघून नऊ ऑगस्ट ठरवला. ऑरेलबाबा समुद्रावर सुट्टीला गेलेत, आल्यावर सांगू म्हणाली. निमंत्रणं देऊनही आली. बाईला घाई झालीय, आणि का झालीय ते मला कळतं.

ग्लिगोर


१७ जुलै, क्रायोवा

नीस्तोर,

हा पत्ता बघून घाबरू नकोस. मी इथे आहे आणि मजेत आहे. हे मी दवाखान्यातून लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाही.

गेल्या आठवड्यात पाणीसुद्धा पोटात राहीना. वेताने गाडी बोलावली. मिरेलाबाईने नाकातून नळी घातली तर पोटातून निघालं ते बघून सिस्टर म्हणाली, "आजोबा, हा काय हौद आहे?" झालं होतं असं की तोच पाय देऊन उभा असलेला इसम, त्याने दुसरा पाय पलीकडे टाकला. जठरातून अन्न पुढे जिथे लहान आतड्यात उतरतं ते पहिलं वळण त्याने दाबलं. आगीतून निघालो आणि फुफाट्यात.

मी विचारलं, "आता? पोट कापणार?"

"नाही. पुन्हा जाळी. या वेळी जाडी, आतड्याची."

"पहिली काढून?"

"पहिली आहे तिथेच. ती पित्ताची, ही जेवणाची. दोन वाटा, दोन जाळ्या."

शेजारच्या खाटेवर तिबेरियु म्हणून बस चालवून निवृत्त झालेला माणूस आहे, त्याला दुसऱ्याचं बोलणं ऐकल्याशिवाय झोप येत नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्यात आता दोन बोगदे! सरकारला इतक्या वर्षांत डोंगरात एक धड जमला नाही."

मी म्हटलं, "टोल लावणार आहे. तू रोज शंभर शब्द बोलतोस, तुझ्यापासून सुरुवात."

जाळी बसली. दुसऱ्या दिवशी सिस्टरने चमचाभर पाणी दिलं. मी ते तोंडात धरून बसलो, गिळायचं धाडस होईना. मग गिळलं आणि वाट बघितली. वर नाही आलं. पुन्हा एक चमचा. नीस्तोर, पाणी खाली गेलं रे. नुसतं पाणी, पण ते खाली गेलं. मी तिबेरियुला सांगितलं, "गेलं." तो म्हणाला, "कोण गेलं?" आणि क्रूसाची खूण करून मोकळा झाला. आम्ही दोघं इतके हसलो की सिस्टर धावत आली. संध्याकाळी चहा, मग पातळ सूप, काल सूपात कालवलेली मऊ मामालिगा. दोन महिन्यांनी जेवणाची चव लागली. मीठ कमी होतं, ते मी त्यांना सांगितलं.

आता खरी गंमत ऐक. घरी जायच्या आधी डॉक्टरीणबाईने आम्हा दोघांना बसवून काय खायचं नाही ते सांगितलं. "जाळी ही जाळीच आहे. तिच्यात तंतू अडकतात. कोबी नाही, कच्चा नाही, शिजवलेलाही नाही. सालीसकट घेवडा नाही. मश्रूम नाही. अक्रोड नाही. पावाचा गोळा करून गिळायचं नाही. सगळं मऊ, गाळलेलं, वाटलेलं. ताठ बसून, चावून, हळूहळू. आणि थंडी वाजून ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं."

वेता प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. हलवता हलवता थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि "अगं आई गं!" म्हणून किंचाळली. डॉक्टरीणबाईला वाटलं हिलाच झटका आला.

"नऊ ऑगस्ट!" वेता म्हणाली. "उपासात येतो की हो!"

खरंच की. पंधरा ऑगस्टच्या देवमातेच्या सणाआधीचे चौदा दिवस. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. साठ वर्षं जिने एक उपास चुकवला नाही, शेजारणींना तारखा सांगत आली, तिने नवऱ्याच्या पोमानेसाठी उपासातला शनिवार काढला आणि गावभर निमंत्रणं दिली! आणि गावातल्या एकीच्याही लक्षात येऊ नये? आलं असेल, पण मरणाऱ्याच्या बायकोला कोण सांगणार.

डॉक्टरीणबाईने विचारलं, "मग उपासाच्या पोमानेला असतं काय जेवायला?"

वेता रडत रडत म्हणाली, "घेवडा. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात. मश्रूम. वर अक्रोडाची पोळी."

डॉक्टरीणबाई आधी ओठ चावत होती, मग तिला राहवेना. "काकू, माझी मनाईची यादी तुम्ही जशीच्या तशी स्वैपाकाला घेतलीत."

आणि ती हवालदारीण हसली, मग मी, मग तिबेरियु, आणि शेवटी डोळे पुसत वेतासुद्धा. पोटात दुखेपर्यंत हसलो. हसल्याने दुखलं, रोगाने नाही, हे मला फार दिवसांनी ओळखता आलं.

ग्लिगोर


५ ऑगस्ट

नीस्तोर,

ऑरेलबाबा समुद्रावरून लालबुंद होऊन आले. सगळं ऐकून म्हणाले, "आजाऱ्याला उपास माफ आहे. लोक घेवडा जेवतील, तू कोंबडीचं सूप पी. देव एवढा हिशेबी नाही."

मी म्हटलं, "बाबा, देव नसेल, पण मी आहे. पाहुण्यांच्या पानात घेवडा आणि यजमान कोंबडी चापतोय? लोक म्हणतील, मरतानासुद्धा मेल्याने हात आखडला."

"मग पुढे ढकल."

"पुढे मी आहे का, ते विचारा आधी."

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. पण उपास सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी शनिवार येतो. सोळा तारीख. मी तुला तेवढे दिवस मागून घेतो, तू नीट चावून खा."

तर सोळा ऑगस्ट ठरला. वेता पुन्हा दारोदार फिरून सांगून आली. एकही जण हसला नाही म्हणे. गाव चांगलं आहे आपलं, कधी कधी.

मी जेवतोय. लिहून कळवावं अशी गोष्ट नाही ही, पण मला कुणालातरी सांगायचंय. सकाळी दूध घालून मामालिगा, दुपारी गाळलेलं आंबट सूप, संध्याकाळी उकडून कुस्करलेला बटाटा, कधी वाफवलेला मासा काटे काढून. ताठ बसून खातो, शाळेत बसायचो तसा. वेता समोर बसून माझ्या जबड्याकडे बघते आणि घाई केली की टेबलावर बोट आपटते. या बाईने चाळीस वर्षांत मला इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. कालच मी म्हटलं, "एवढी बघतेस, प्रेमात पडशील." ती म्हणाली, "चाव मुकाट्याने." चेहऱ्यावर रंग आलाय. पिवळा नव्हे.

कोट तयार झाला. लाझारला बोलावून घालून बघितला. खांदे खाली ओघळले, बाह्या बोटांवर आल्या. शेतातलं बुजगावणं याहून बरं दिसतं. असू दे, तो मनाने चांगला आहे. वेळ पडली तर बाह्या मुडपून बसेल.

सोळाला तिकडे इटलीत सगळे कारखाने, कामं बंद असतात म्हणतात. ते माझ्या मनात नव्हतं. तारीख चर्चने ठरवली, मी नाही.

ग्लिगोर

ता. क. द्रोबेताकडून येणारा रस्ता खणून ठेवलाय. कुणी त्या बाजूने गाडीने येणार असेल तर त्याने सरळ न येता डोंगराकडून यावं, असं आपलं कळवून ठेवतो.


२१ सप्टेंबर

नीस्तोर,

तू निघालास तेव्हा अंगणात आपण दोघं खांबासारखे उभे होतो. तू गाडीच्या टायरला लाथा मारत होतास आणि मी तुला पेट्रोलचे भाव विचारत होतो. तोंडाने जमलं नाही म्हणून लिहितो. तू काही गोष्टी बघितल्यास, काही नाही.

चौदा तारखेला सकाळी मला थंडी वाजली. भर ऑगस्टात दात वाजायला लागले. डॉक्टरीणबाईचं बोलणं मला लख्ख आठवत होतं, पण मी वेताला काही बोललो नाही. दोन रजया ओढून घेतल्या आणि मनात म्हटलं, फक्त शनिवारपर्यंत. अंगणात कढया मांडून झाल्या होत्या, मेंढ्या कापायला माणसं आली होती. वेता आत आली आणि उभ्या उभ्या तिने माझे दात ऐकले.

"ऊठ."

"परवा जाऊ."

"आज म्हणाली होती ती. ऊठ!"

मी ओरडलो. मला जेवू दे, मग मरू दे, असं काहीतरी. ती म्हणाली, "जेवण तुझं आहे, मान्य. पण ताप अंगात लपवून तू मेलास तर ते मरण माझ्या डोक्यावर. ते मी घेणार नाही." आणि दोघा माणसांकडून मला रजईसकट उचलून गाडीत घातलं. गल्लीच्या टोकापर्यंत मी तिला शिव्या दिल्या. क्रायोवा येईस्तोवर शुद्ध नव्हती, तेव्हा शिव्या संपल्या असतील.

पित्ताच्या जाळीत गाळ धरला होता. आत पू झाला होता. मिरेलाबाईने रातोरात जाळी साफ केली आणि आतून अजून एक नळी सरकवली. नंतर मला म्हणाली, "शनिवारपर्यंत थांबला असतात तर शनिवारी तुमची दुसरी पोमाना घालावी लागली असती." वेता रात्रभर माझ्या पायाशी बसून होती. शुक्रवारी ताप उतरला तसं मीच तिला घरी पाठवलं. म्हटलं, ऐंशी माणसं येणार, अन्न शिजलंय, जा. मी नसलो तरी घाल. ती जाईना, मी रागावलो, मग गेली.

शनिवार माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस होता, हे तुला माहीत नाही. दुपारी घड्याळ बघून मनात म्हणत होतो, आता ऑरेलबाबा टेबलांवर धूप फिरवत असतील. आता मेणबत्त्या लावल्या. आता लाझार माझा कोट घालून बाह्या मुडपतोय. माझ्या नावाचं जेवण चाललंय आणि मी इथे हाताला सुई लावून छताकडे बघतोय. मला देवाचा राग आला. एवढंच मागितलं होतं, तेवढंच त्याने काढून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पडलो. तू आलास तेव्हा मला झोप लागली होती असं तुला वाटलं, पण मी जागा होतो.

बाहेर आरडाओरडा ऐकू आला. फाटकावरचा पहारेकरी कुणाच्या तरी मागे धावत येत होता. "अहो साहेब, हे आत नेता येत नाही! कुठे चाललात हे घेऊन?"

आणि एक आवाज म्हणाला, "जेवायला."

मी वळलो तर दारात मी उभा. निळा कोट, टोपी, जुने रुंद खांदे, एकशे सहाची कंबर, आणि डोक्यावर उलटं धरलेलं अक्रोडाचं टेबल. मला वाटलं, मेलो आपण, आणि स्वतःच स्वतःला न्यायला आलो. मग टेबल खाली आलं, त्याच्याखाली तुझं नाक होतं, आणि ते लाल झालेलं होतं.

तू म्हणालास, "दादा, जेवण माझं झालं नाही. लोकांनी तुझ्या खुर्चीत बसवलं, सगळे मला ग्लिगोर म्हणून 'देवाच्या दारी पोचो' म्हणाले. पण घास काही उतरेना. टेबल आता माझं आहे ना? तूच दिलंस. मग मी ते कुठेही नेईन."

सिस्टर तणतणली. मिरेलाबाई आली, टेबलाकडे बघितलं, तुझ्या टोपीकडे बघितलं. तुझ्या हातातलं मातीचं बोळकं उघडून नाकाशी नेलं. "गाळलेलं आहे?" तू म्हणालास, वहिनीने दोनदा कापडातून गाळलंय, आणि मासा आई वाटायची तसा वाटलाय. ती म्हणाली, "ताठ बसवा. हळूहळू. मेणबत्ती अजिबात पेटवायची नाही, ऑक्सिजन आहे." आणि पहारेकऱ्याला घेऊन गेली.

तू मला उचलून खुर्चीत बसवलंस. टेबल बुटकं पडलं म्हणून तू खाली फरशीवर बसलास, नव्या कोटात. मी सूपसुद्धा चावून खाल्लं. घाई केली की तू टेबलावर बोट आपटायचास, ते वेताने पढवून पाठवलं होतं, मला कळलं. माझ्यानंतर तू जेवलास, त्याच बोळक्यातून, त्याच चमच्याने, घाम येईपर्यंत. मी तुला जेवताना बघत बसलो. नीस्तोर, मला फार फार आनंद झाला. म्हणून मी मीठ कमी आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं.

डब्यांच्या बाबतीत मी अजूनही बरोबर आहे. पण त्यावर आता भांडायचं नाही, मला वेळ नाही.

इथली हालहवाल अशी. आलुबुखार पडायला लागलेत. भट्टी या वर्षी लाझार बघतो, मी बाजूला खुर्ची टाकून चुका काढतो. डोळे पुन्हा थोडे पिवळे दिसतात. मिरेलाबाई फोनवर म्हणाली, अजून एकदा नळी बदलता येईल, किंवा नाही बदलली तरी चालेल, तुम्ही ठरवा. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, दुखलं तर लगेच कळवा, दुखू देणार नाही. तिचा शब्द पक्का आहे. दिवसातून दोनदा थोडं थोडं जेवतो आणि ते खाली जातं. यापेक्षा माणसाला काय लागतं, हे मला आधी कळलं असतं तर मी इतकी वर्षं जेवताना एवढी चिडचिड करत बसलो नसतो.

आता शेवटचं, आणि हे मी मोठा म्हणून सांगतोय तेव्हा उलट उत्तर नको. एक दिवस वेताचा फोन येईल. तिच्या आवाजावरूनच तुला कळेल. तेव्हा गाडी काढून, दोन दिवस डोळे न मिटता, खणलेल्या रस्त्यांवरून धावत सुटू नकोस. उचलायला इथे माणसं आहेत, आणि आता मला उचलायला फार लागतही नाहीत. तुला यायचं होतं तेव्हा तू आलास, मी डोळ्यांनी बघितलं. फोन ठेव, हात धू, लिलियानाला ताट वाढायला सांग, आणि आधी माझ्या नावाने पोटभर जेव.

तुझा दादा